वाहनधारकांचे प्रश्न : पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये कोणते तेल भरावे?

गेल्या काही आठवड्यांत सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये पिकअप गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या गिअरांच्या संचाच्या, तेलाविषयीची पत्रे इतकी होती, की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दीड टन पासिंगचा पिकअप आहे. कांदा आणि डाळिंब घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात नेहमी येणे असते, हंगामात पुणे आणि हैदराबादपर्यंत खेपा होतात. आता डिफरन्शियलचे तेल बदलायचे आहे. मेस्त्री म्हणतात, आपल्याकडचा उन्हाळा आणि भरलेला माल पाहता १४० नंबरच टाका. दुकानदार म्हणतो, ९० नंबर घ्या. पुण्यात नोकरीला असलेला माझा चुलतभाऊ सिंथेटिक घ्यायला सांगतो. मी कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : तिघांनीही आपल्या भल्यासाठीच सांगितले आहे, परंतु तिघांनीही अर्धीच गोष्ट सांगितली आहे. ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस नंबर’ हा तेलाचा केवळ दाटपणा झाला. प्रचंड दाबाखाली ते तेल गिअरचे दात वाचवील की नाही, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. त्यासाठी डब्यावर जीएल-४, जीएल-५ अशी वेगळी खूण छापलेली असते. डिफरन्शियलसाठी तेल घेताना आधी ही खूण पाहावी आणि आकडा त्यानंतर पाहावा. आपल्याकडे दुकानात जाऊन ‘एक लिटर नव्वद द्या’ एवढेच सांगण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे किती क्राऊन-पिनियन (आतल्या दातेरी चाकांच्या जोड्या) अकाली निकामी झाले असतील, याचा विचार मनात आला की वाईट वाटते.

ही खूण इतकी महत्त्वाची का आहे, हे समजून घेण्यासाठी डिफरन्शियलच्या हाऊसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या खोळीच्या, आत काय चालते ते पाहावे लागेल. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट ज्या लहान दातेरी चाकाला फिरवतो तो पिनियन, आणि पिनियन ज्या मोठ्या चक्राला फिरवतो ते क्राऊन व्हील. बहुतेक पिकअप गाड्यांमध्ये पिनियन हा क्राऊन व्हीलच्या मध्यावर नसून त्याच्या थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९२०च्या दशकात ही रचना मोटारगाड्यांत आणली, कारण तिच्यामुळे शाफ्ट खाली येतो, दात अधिक लांब मिळतात आणि आवाज कमी होतो. परंतु या सोयीची किंमत तेलाला मोजावी लागते. साध्या गिअरचे दात एकमेकांवर बऱ्याच अंशी गडगडत जातात. हायपॉइडचे दात पाट्यावर ओढल्या जाणाऱ्या वरवंट्यासारखे, भार टाकत आणि घासत सरकतात. दीड टन माल भरलेली गाडी तुळजापूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते तेव्हा तो सगळा जोर दोन-तीन दातांच्या नखाएवढ्या जागेवर एकवटतो. तेथे साध्या तेलाचा थर टिकत नाही, तो पिळला जाऊन बाजूला सरकतो आणि पोलाद पोलादाला भिडते.

अशा वेळी तेलातील गंधक आणि स्फुरद यांची संयुगे कामाला येतात. दात जेथे अतिशय तापतात नेमक्या त्याच जागी ही संयुगे पोलादाशी अभिक्रिया करून एक अत्यंत पातळ आणि तुलनेने मऊ थर तयार करतात. घर्षणात हा थर झिजतो, दात वाचतो आणि थर पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर जो उग्र वास नाकाशी येतो तो या गंधकाचाच असतो. जीएल-५ तेलात ही संयुगे जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात, आणि हायपॉइड दातांवर पडणारा भार व झटके सहन करता यावेत याच हेतूने हा वर्ग ठरवलेला आहे. म्हणून आपल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये जीएल-५ हवे. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्टपणे काही वेगळे लिहिले असेल तरच त्याला अपवाद करावा.

आता आकड्याकडे वळू. ८०डब्ल्यू-९० या लेबलातील पहिला भाग थंडीतील वागणुकीचा आहे. ८०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २६ अंश सेल्सिअसला घेतात. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा त्याच्या आसपास कधी जात नाही, तेव्हा त्या भागाची आपण फारशी चिंता करण्याचे कारण नाही. दुसरा भाग १०० अंशांवरील दाटपणाचा आहे. त्या तापमानाला ९० नंबरचे तेल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक या मर्यादेत असते आणि १४० नंबरचे २४ ते ३२.५ या मर्यादेत. म्हणजे तापलेल्या अवस्थेतही १४० हे ९०च्या दीड-पावणेदोन पट दाट असते आणि गाडी थंड असताना हा फरक त्याहून मोठा होतो. एक गैरसमज येथेच दूर करतो. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे यांची मोजपट्टी वेगळी आहे. ९० नंबरचे गिअर ऑइल दाटपणाने साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच असते, त्यामुळे ‘इंजिनात चाळीस आणि मागे नव्वद, म्हणजे दुपटीहून दाट’ हा हिशेब बरोबर नाही.

आपल्या मेस्त्रींचा १४०चा आग्रह कोठून आला असावा, हे मला समजू शकते. मोठ्या मालट्रकांच्या मागच्या ॲक्सलसाठी ८५डब्ल्यू-१४० तेलाची शिफारस अनेक उत्पादकांनी केलेली असते, आणि ज्यांचे हात वर्षानुवर्षे हैदराबाद रोडवरच्या ट्रकांवर बसलेले आहेत त्यांना तेच तेल खात्रीचे वाटते. परंतु ट्रकचे क्राऊन व्हील, त्याची बेअरिंगे आणि हाऊसिंगमधील तेलाचे मार्ग पिकअपहून पुष्कळ मोठे असतात. लहान ॲक्सलमध्ये गरजेपेक्षा दाट तेल घातले, की क्राऊन व्हीलची बरीच ताकद ते तेल घुसळण्यातच जाते. घुसळण्याने उष्णता वाढते, डिझेल अधिक लागते, आणि सकाळी गाडी निघाल्यावर पहिले काही किलोमीटर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पुरेसे पोचत नाही. ज्या उष्णतेला भिऊन दाट तेल घातले, तीच उष्णता अशा रीतीने वाढते.

तरीही मेस्त्रींच्या बोलण्यात विचार करण्यासारखा एक मुद्दा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, रस्ता त्याहून तापलेला असतो आणि भरलेल्या गाडीच्या हाऊसिंगमधील तेल १०० अंशांच्या पुढेही जाऊ शकते. काही गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये बाहेरच्या तापमानानुसार तेलाचा तक्ता दिलेला असतो आणि त्यात उष्ण प्रदेश किंवा सततचा जड भार यांसाठी अधिक दाट तेलाची मुभा असते. आपल्या पुस्तिकेत तशी मुभा असेल तर १४० अवश्य भरावे. ती नसेल तर जीएल-५ वर्गाचे ८०डब्ल्यू-९० भरावे आणि उष्णतेवरचा उपाय म्हणून तेल लवकर बदलावे. तेल जितके तापते तितक्या वेगाने ते जुने होते. दर दहा अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन कांदा भरला तर कोणत्याही नंबरचे तेल त्याची भरपाई करू शकणार नाही, हेही येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

चुलतभावांच्या सल्ल्याविषयी थोडक्यात सांगतो. सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०चा गोठवणाऱ्या थंडीतील गुण सोलापुरात वाया जातो, पण उष्णतेत न बिघडण्याचा गुण येथे उपयोगी पडतो. गाडी नवी असेल आणि पुस्तिकेतच ७५डब्ल्यू-९० लिहिले असेल, तर तेच वापरावे. गाडी जुनी असेल आणि पुस्तिकेत साधे ८०डब्ल्यू-९० असेल, तर ते पैसे साधे तेल वेळेवर बदलण्यात घालवणे मला अधिक पसंत आहे. काही गाड्यांमध्ये चाक घसरू लागल्यास आपोआप लॉक होणारे किंवा मर्यादित घसरण होऊ देणारे डिफरन्शियल असते. त्यातील क्लचच्या चकत्यांना विशिष्ट मिश्रण असलेले तेल लागू शकते, म्हणून अशा गाडीसाठी उत्पादकाने सांगितलेलेच तेल घ्यावे.

प्रश्न : आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलच्या गाठी पोचवतो. तीन पिकअप आहेत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हींसाठी जीएल-५चा एकच मोठा डबा आणला तर स्वस्त पडतो आणि गोंधळही टळतो. जीएल-५ हे जीएल-४पेक्षा वरचढच असेल, तर गिअरबॉक्समध्ये ते भरायला काय हरकत आहे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हरकत आहे आणि ती मोठी आहे. चारापेक्षा पाच मोठा, म्हणून जीएल-५ अधिक चांगले, असे पुष्कळ जण समजतात. वस्तुतः ही दोन वेगवेगळ्या कामांची तेले आहेत. गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचा वेग जुळवण्यासाठी सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात आणि पुष्कळ गाड्यांत त्या पितळी असतात. जीएल-५ तेलातील जे गंधक डिफरन्शियलच्या पोलादी दातांचे रक्षण करते, तेच गंधक तेल तापल्यावर पितळेवर चढू शकते. पितळ काळवंडते आणि हळूहळू खाल्ले जाते. दुसरी गोष्ट अशी, की सिंक्रोनायझरची रिंग आपले काम घर्षणानेच करते. तिला गिअरच्या शंकूवर पकड घ्यायची असते. फार निसरड्या तेलात ती पकड उशिरा येते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ‘कर्र’ असा आवाज येऊ लागतो. चालक क्लचला दोष देतो, क्लचप्लेट बदलली जाते आणि आवाज तसाच राहतो.

उलट दिशेची चूक, म्हणजे गिअरबॉक्सचे जीएल-४ तेल डिफरन्शियलमध्ये घालणे, त्याहून घातक ठरू शकते, कारण तेथे दातच उघडे पडतात. आपल्या तीन गाड्या आहेत आणि तेल बदलणारी माणसे वेगवेगळी असतील, तर दोन डब्यांवर रंगाने ठळक पट्टे मारावेत, दोन स्वतंत्र पिचकाऱ्या ठेवाव्यात आणि त्या कधीही अदलाबदल करू नयेत. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्ससाठी उत्पादक कधी कधी आपले ठरावीक तेलच सांगतात. तसे असेल तर जीएल-४ही चालणार नाही. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत सेवा केंद्रात गाडीचे मॉडेल आणि चेसिस क्रमांक सांगून माहिती मिळवता येते.

याच पत्रात आपण पिंपातून सुटे तेल घेण्याविषयीही विचारले आहे. ते घेऊ नये. पिंपावर काय लिहिले आहे आणि पिंपात काय आहे यांची खात्री पटवण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नसते, आणि उघड्या पिंपात धूळ व ओलावा जातो. सीलबंद डबा, त्यावरचा बॅच क्रमांक आणि दुकानाचे पक्के बिल या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. डबा रिकामा झाला की त्याच्या बुचाला आणि लेबलाला चीर देऊन मगच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात कोणी बनावट तेल भरून पुन्हा विकणार नाही.

प्रश्न : सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या वस्तीवर पिकअप रात्रभर पाण्यात उभा होता. पाणी मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत आले होते. नंतर गाडी नीट चालू झाली. मेस्त्रींनी फिलर प्लग (तेल भरण्याच्या भोकाचे बूच) उघडून बोट घातले आणि तेलाची लेव्हल पूर्ण असल्याचे सांगितले. तरी तेल बदलणे आवश्यक आहे का? (एक वाचक, माढा तालुका)

उत्तर : होय, आणि शक्य असेल तर हा अंक हातातून ठेवून आजच बदलावे. लेव्हल पूर्ण आहे हे येथे समाधानाचे लक्षण मानता येणार नाही, कारण आत शिरलेले पाणीही लेव्हल वाढवतेच.

पाणी आत कसे जाते, ते पाहा. हाऊसिंगवर वरच्या बाजूस एक लहानशी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तेल तापले की आतली हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. थंड झाले की हवा आत ओढली जाते. दिवसभर चालून तापलेले हाऊसिंग अचानक गार पाण्यात गेले, की आतली हवा झपाट्याने आकसते आणि ब्रीदरमधून अथवा ऑइल सीलच्या कडेने हवेऐवजी पाणी आत खेचले जाते. त्यामुळे पाण्यात रात्रभर उभी राहिलेली गाडीच नव्हे, तर भर उन्हातून येऊन ओढ्याच्या फरशीपुलावरून जेमतेम दोन मिनिटे पाण्यातून गेलेली गाडीही या धोक्यात येते.

पाणी मिसळलेले तेल ओळखणे अवघड नाही. ड्रेन प्लग (तेल काढण्याचे खालचे बूच) सोडल्यावर निरोगी तेल गडद मधासारखे, पारदर्शक तपकिरी किंवा काळपट, एका अखंड धारेत पडते. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या कार्यशाळेत आलेल्या एका गाडीत प्लग सैल करताच प्रथम ओंजळभर स्वच्छ पाणी आले, कारण गाडी काही दिवस उभी असल्याने पाणी तळाशी बसले होते. आणि त्यामागून दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा, फेसाळ, तुटक तुटक पडणारा गोळा आला. बोटांमध्ये चोळल्यावर त्याला तेलाचा बुळबुळीतपणा जवळजवळ राहिलेला नव्हता. क्राऊन व्हील वरवर ठीक दिसत होते, परंतु पिनियनच्या बेअरिंगचे रोलर हातात घेतले तेव्हा त्यांच्यावर मोहरीएवढे गंजाचे ठिपके होते. अशा ठिपक्यांतूनच पुढे बेअरिंगचा पृष्ठभाग उखडू लागतो. त्या गाडीच्या मालकांनी पुरानंतर दोन महिने गाडी तशीच चालवली होती.

आपण तेल पूर्ण काढून टाकावे, त्याच प्रतीचे नवे तेल भरावे, गाडी रिकामी ठेवून १५-२० किलोमीटर सावकाश चालवावी आणि ते तेलही काढून टाकावे. त्यानंतर कायमचे तेल भरावे. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल ओतण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती मला मान्य नाही, कारण हाऊसिंगच्या नळ्यांमध्ये आणि बेअरिंगच्या खोबणीत राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते. ब्रीदर काढून स्वच्छ करावा आणि त्यात फुंकर मारून तो मोकळा असल्याची खात्री करावी. नदीकाठच्या वस्त्यांवर राहणाऱ्या वाचकांनी ब्रीदरला तेलाने खराब न होणारी रबरी नळी जोडून तिचे टोक वर चेसिसपाशी उलटे बांधून घ्यावे. हे काम अगदी किरकोळ खर्चाचे आहे. पुरात बुडालेल्या गाडीची मागची ब्रेक लायनिंगे, चाकांची बेअरिंगे आणि शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस हेही त्याच फेरीत तपासून ग्रीस भरून घ्यावेत.

प्रश्न : शेतात ट्रॅक्टर आहे. त्याच्या ट्रान्समिशनचे, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेकला चालणारे तेल सात-आठ लिटर शिल्लक आहे. ते पिकअपच्या मागे भरले तर चालेल का? तेही गिअरचेच तेल आहे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : चालणार नाही. ट्रॅक्टरच्या त्या एकाच तेलाला गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक अशी तिन्ही कामे सांभाळायची असतात. ब्रेकच्या चकत्यांची पकड राहावी आणि हायड्रॉलिक पंपाला ते झेपावे, अशा बेताने ते बनवलेले असते. त्याची दाबाखालील संरक्षणशक्ती साधारणपणे जीएल-४च्या पातळीची असते आणि हायपॉइड दातांना ती पुरत नाही.

अशा तेलावर चाललेला एक पिनियन मी जपून ठेवला आहे आणि शिकाऊ मुलांना दाखवतो. नव्या पिनियनच्या दाताचा माथा बोटाला सपाट लागतो. याचे माथे कोयत्याच्या पात्यासारखे धारदार झाले आहेत. दाताच्या पोटावर, कानशीने ओढाव्यात तशा, वरून खाली समांतर रेघा आहेत आणि मुळाशी निळसर छटा आहे, म्हणजे तेथे पोलाद किती तापले होते ते दिसते. क्राऊन व्हील आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली जोडी असते, म्हणून एक खराब झाले तरी दोन्ही बदलावे लागतात, सोबत बहुधा बेअरिंगेही बदलावी लागतात आणि पुन्हा मापे जुळवून बसवण्याची मजुरी वेगळी. दोन-अडीच लिटर तेलासाठी एवढा खर्च ओढवून घेऊ नये. ते तेल ट्रॅक्टरसाठीच झाकून ठेवावे.

प्रश्न : मी पंढरपूरला एक जुना पिकअप विकत घेतला. घेताना आवाज अजिबात नव्हता. महिन्याभराने तेल बदलले, जीएल-५ ८०डब्ल्यू-९० भरले आणि मागून ‘ऊंऽऽ’ असा सूर येऊ लागला. तेल चुकले का? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : तेल बरोबर आहे. पूर्वी आत जे होते तेच बहुधा चुकीचे होते. झिजलेल्या क्राऊन-पिनियनचा आवाज दाबण्यासाठी विक्रीपूर्वी अतिशय दाट तेल किंवा तेलात ग्रीस मिसळून भरण्याचा गैरप्रकार होतो. लाकडाचा भुसा घातलेलाही मी पाहिला आहे. आपल्या मेस्त्रींना विचारा, की पहिले तेल प्लगमधून धार लागून पडले की लोंबत लोंबत पडले. ते लोंबत पडले असेल तर शंका राहत नाही.

आता आवाज कशाचा आहे ते शोधावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूर वाढत असेल आणि पाय काढताच बदलत असेल, तर दातांची झीज अथवा त्यांच्यामधील अंतर बिघडल्याची शक्यता अधिक. पाय दाबलेला असो वा नसो, घरघर केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंगकडे संशय जातो. सरळ रस्त्यावर शांत आणि वळणावरच आवाज येत असेल तर डिफरन्शियलच्या आतली लहान चक्रे किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. मंगळवेढा-सोलापूर रस्त्यावर रहदारी कमी असताना एका माणसाला मागे बसवून हे तिन्ही प्रकार तपासता येतील. आवाज येतो म्हणून पुन्हा दाट तेल घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. केवळ बेअरिंग खराब असताना दुरुस्ती झाली तर खर्च आवाक्यात राहतो. आवाज दाबून गाडी चालवत राहिल्यास तेच बेअरिंग पुढे दातांचीही जोडी घेऊन जाते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी व्यवहार ठरण्यापूर्वी फिलर प्लग उघडून तेलात बोट बुडवून पाहावे. ते दोन मिनिटांचे काम आहे आणि प्रामाणिक विक्रेता त्याला नकार देणार नाही.

प्रश्न : डिफरन्शियलचे तेल किती किलोमीटरला बदलावे, स्वतः बदलता येते का, आणि काढलेल्या तेलाचे काय करावे? (अनेक वाचक)

उत्तर : अंतर पुस्तिकेत दिलेले असते आणि ते गाडीगणिक वेगळे असते, म्हणून एक आकडा येथे देत नाही. पुस्तिकेत सामान्य वापर आणि खडतर वापर असे दोन रकाने असतील, तर बाजाराचा माल, ऊस-तोडीच्या वाटा, धूळ आणि आपला उन्हाळा यांचा विचार करून खडतर वापराचा रकाना आपला समजावा. नव्या गाडीचे पहिले तेल सांगितलेल्या वेळी न चुकता बदलावे, कारण नवे दात एकमेकांवर बसताना निघालेला बारीक चुरा त्यात असतो.

स्वतः बदलायचे असेल तर गाडी १०-१५ किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट बाहेर येते. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. त्यानंतरची एक गोष्ट कृपया विसरू नका : आधी वरचा फिलर प्लग उघडावा आणि तो उघडल्यावरच खालचा ड्रेन प्लग सोडावा. आमच्याच कार्यशाळेत एका नव्या मुलाने आधी तेल काढले आणि मग गंजलेला फिलर प्लग काही केल्या निघेना. गाडी तेलाशिवाय रात्रभर अडकून पडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची द्राक्षांची खेप दुसऱ्या गाडीने न्यावी लागली.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा काळा, लोण्यासारखा मऊ लगदा स्वाभाविक आहे. त्यात सुईसारखे तुकडे, चकत्या किंवा दाताचा कण सापडला तर नवे तेल भरण्यापूर्वी हाऊसिंग उघडून पाहावे. प्लगचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन हलकेच बाहेर ओघळू लागले की थांबावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून गाडी एका बाजूने उचलून अधिक तेल भरू नये, कारण ते जास्तीचे तेल सीलमधून चाकाकडे जाते आणि ब्रेक लायनिंगवर पसरते. ब्रेक ड्रमच्या आतून तेलाचे ओघळ दिसत असतील तर आधी लेव्हल आणि ब्रीदर तपासावा. ब्रीदर चिखलाने बुजलेला असताना नवे सील बसवले तरी तेही लवकरच गळू लागते.

काढलेले तेल गटारात, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. वापरलेले तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येते. वाळवीसाठी दारे-चौकटींना ते लावण्याची आणि जनावरांच्या जखमांना चोपडण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे, तीही सोडावी, कारण त्यात धातूंचा चुरा आणि जळलेली रसायने असतात. झाकणाच्या कॅनमध्ये ते साठवावे, त्यात पाणी किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नये आणि ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे तेल उचलतात तेथे नेऊन द्यावे. कॅनवर तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहून ठेवल्यास पुढच्या वेळी तेल केव्हा बदलायचे याची नोंदही त्याच कॅनवर आयती मिळते.